साचा मोडला तर मुलांच्या हातात काय उरेल?

या वेळचं पत्र एका शिक्षिकेचं आहे. कर्वेनगरमध्ये राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्या आयईएल्ट्सचा, म्हणजे परदेशी जाण्यासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचा, क्लास चालवतात. दोन बॅच, मिळून बावीस विद्यार्थी. निम्म्याहून जास्त मुलं फलटण, बार्शी, संगमनेरकडून पुण्यात आलेली आणि मराठी माध्यमात शिकलेली. ऐकणं, वाचणं, बोलणं यांत मुलांना बरे बँड, म्हणजे या परीक्षेतले गुण, मिळतात. पण रायटिंगच्या टास्क टूमध्ये, म्हणजे मत मांडायच्या निबंधात, साडेपाच-सहाच्या वर गाडी जात नाही. एक नर्स मुलगी तीनदा परीक्षेला बसली आणि तिन्ही वेळा तिला लेखनात सहाच मिळाले. तिला साडेसहा हवेत. शिक्षिकेनं पाच टेम्प्लेट, म्हणजे निबंधाचे साचे, तयार केली आहेत, तीनशे भारदस्त शब्दांची यादी पाठ करून घेतली आहे आणि वर्गात मराठी बोललं तर दहा रुपये दंड ठेवला आहे. त्या लिहितात : "यांना इंग्रजीच येत नाही, मग मत कुठून येणार? निदान साचा तरी हातात असू दे, असं मला वाटतं. पण साचा देऊनही बँड हलत नाही. काही मुलं 'एका सर्वेक्षणानुसार ८० टक्के लोक' असं मनानं ठोकून देतात. विचारलं तर म्हणतात, दुसऱ्या क्लासमध्ये असंच शिकवतात. माझं काय चुकतंय? आणि साचे बंद केले तर मुलांच्या हातात काय उरेल?" सोबत त्यांनी दोन मुलींचे निबंध नावं झाकून पाठवले आहेत.

ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी आधी ते दोन निबंध वाचले. विषय एकच : शहरातली सार्वजनिक वाहतूक सर्वांना मोफत असावी, या मताशी तुम्ही कितपत सहमत आहात? दोन्ही निबंध 'इन टुडेज फास्ट-पेस्ड वर्ल्ड'नं सुरू होतात. दोन्हींत दुसऱ्या परिच्छेदाच्या तोंडाशी 'टू बिगिन विथ' आणि तिसऱ्याच्या तोंडाशी 'ऑन द फ्लिप साइड' आहे. मी पेन्सिल घेतली आणि जी वाक्यं प्राणिसंग्रहालयावरच्या किंवा गृहपाठावरच्या निबंधातही जशीच्या तशी चालली असती, त्यांच्याखाली रेघ ओढत गेले. एका निबंधात शंभराच्या आसपास शब्दांखाली रेघ आली. निबंध अडीचशेचा. म्हणजे बसबद्दल त्या मुलीनं दीडशे शब्दच लिहिले होते. व्याकरणाच्या चुका होत्या, 'द' बरेच ठिकाणी गळला होता, पण वाचताना मी कुठे अडखळले नाही. तिचं म्हणणं काय आहे, तेच मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मला थांबावंसं वाटतं. "इंग्रजीच येत नाही, मग मत कुठून येणार?" मत इंग्रजीतून येतं, हे तुम्ही गृहीत धरलंय. तुमच्या वर्गातली मुलगी घर सोडून पुण्यात येते, कॉट बेसिसवर राहते, रात्रपाळी करते आणि परदेशी जायचा निर्णय घरच्यांच्या गळी उतरवते. तिला बाजू मांडता येत नाही? ज्या दिवशी तिनं वडिलांना तयार केलं, त्या दिवशी तिनं या परीक्षेत कधी येणार नाही इतका अवघड निबंध तोंडी सोडवला होता. तिच्याकडे मत आहे, कारण आहे, समोरचा काय म्हणेल याचा अंदाज आणि त्यावरचं उत्तरही आहे. ते सगळं तिच्याजवळ मराठीत आहे, आणि तुमच्या दारात मराठीला दहा रुपये दंड आहे.

हे दुखावण्यासाठी लिहीत नाही. शाळेत नोकरीला होते तेव्हा मीही मुलांना सुरुवातीचे आणि शेवटचे परिच्छेद पाठ करायला लावले आहेत. एका वर्षी सण आणि ध्वनिप्रदूषण या विषयावर इंग्रजी निबंध दिला होता. वर्गातला एक मुलगा ढोलपथकात होता. निबंधात त्यानं बाकीच्यांसारखीच वाक्यं लिहिली. नंतर जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "मॅडम, मी लक्ष्मी रोडला वाजवतो आणि आजी घरात कानात कापूस घालून बसते. दोन्ही मलाच माहिती आहे." मी विचारलं, हे लिहिलं का नाहीस? तो म्हणाला, "तसं लिहायचं असतं का?" तसं लिहायचं असतं हे त्याला मी कधी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर बरीच वर्षं शिकवलं, पण ते वाक्य मनातून गेलं नाही.

आता परीक्षा काय मागते ते पाहू. टास्क टूला चार निकष आहेत : प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीतली सुसंगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. चारहींना सारखं वजन. म्हणजे तुम्ही ज्याला इंग्रजी म्हणता, ती शब्द आणि व्याकरणाची बाजू निम्मीच आहे. उरलेले निम्मे गुण तुम्ही काय म्हणता आणि ते कोणत्या क्रमानं म्हणता, याचे आहेत. सहा बँडच्या वर्णनात सांगितलेल्या उणिवा पाहा : मुद्दे प्रसंगाला धरून आहेत पण काही पुरेसे फुलवलेले नाहीत, वाक्यांमधले दुवे सदोष किंवा यांत्रिक वाटू शकतात. सातसाठी भूमिका स्पष्ट आणि मुद्दे विस्तारलेले, आधार दिलेले हवेत. 'मोरओव्हर' आणि 'फरदरमोअर' यांची माळ जितकी लांब, तितका तो 'यांत्रिक' शब्द जवळ येतो. तुमची टेम्प्लेट मुलींना साडेपाचवरून सहाच्या दारापर्यंत आणत असतील, हे मी मान्य करते. पुढचं दार मात्र त्यांच्यामुळेच उघडत नाहीये. तीन वेळा सहा मिळवलेल्या मुलीला आणखी एक टेम्प्लेट देऊन काय होणार?

आपल्याकडे याचं मूळ शाळेपासूनचं आहे. 'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध आपण सगळ्यांनी लिहिलाय. अर्धं पान शाप, अर्धं पान वरदान आणि शेवटी 'ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे'. कुणाचीही बाजू न घेता सुखरूप बाहेर पडायची ही सवय हाडात मुरलेली असते. 'कितपत सहमत आहात' असं विचारल्यावर मुलं तेच करतात, फक्त शेवटी 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स' म्हणतात. दोन्ही बाजूंची चर्चा करून आपलं मत द्या, असा प्रश्न वेगळा असतो. तिथेही मत द्यायचंच असतं. अधलीमधली भूमिकासुद्धा चालते, पण 'शहरात हो, खेड्यात नाही, कारण अमुक' इतकी ती नेमकी हवी. पहिल्या परिच्छेदात घेतलेली बाजू शेवटच्या ओळीपर्यंत सोडायची नाही, हे मुलांना शंभरदा सांगा.

कसं शिकवायचं, याचं एक उदाहरण जवळून सांगते. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारी भाड्यानं राहणारी एक मुलगी माझ्याकडे संध्याकाळी यायची. मूळची फलटणकडची, इस्पितळात नोकरी. नेमका हाच मोफत बसचा विषय तिला दिला होता आणि तिनंही असाच साच्यातला निबंध लिहून आणला. मी वही मिटवली आणि म्हटलं, मराठीत सांग, बस फुकट व्हावी का?

"काकू, फुकट कशाला? आधी येऊ तर दे. वारज्याच्या स्टॉपवर चाळीस-चाळीस मिनिटं उभी असते मी."

म्हणजे तिकिटानं काहीच फरक पडत नाही?

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "पडतो. आईला पडतो." मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी आई दिवाळीला नाही तर जत्रेच्या वेळी यायची. आता महिन्याला येते, शेंगदाण्याची चटणी घेऊन.

मग पूर्ण फुकट केलं तर आणखी बरं?

"नाही. आई म्हणते, अर्धं का होईना, तिकीट काढलंय. गाडी बंद पडली तर कंडक्टरला विचारायला तोंड आहे. फुकट बसलो तर कोण ऐकून घेणार?"

ताई, हे सगळं सहा-सात मिनिटांत झालं. भूमिका आली, विरुद्ध बाजूतलं खरं ते मान्य करणं आलं, उदाहरण आलं, आणि पैसे देणाऱ्याला जाब विचारायचा हक्क राहतो हे कारण आलं. ते कारण मला सुचलं नसतं. मी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे तिचीच चार वाक्यं मराठीत लिहिली आणि म्हटलं, आता हे इंग्रजीत सांग, तुला येतात त्याच शब्दांत. तिनं लिहिलेलं पहिलं वाक्य असं होतं : 'फेअर्स मॅटर, बट ओन्ली इफ द बस कम्स.' आठ साधे शब्द. संपूर्ण निबंधाची भूमिका त्यात आहे. 'इन टुडेज फास्ट-पेस्ड वर्ल्ड'पेक्षा हे इंग्रजी कमी दर्जाचं आहे, असं कुणी म्हणेल?

प्रश्नाच्या शेवटी एक सूचना छापलेली असते : कारणं द्या आणि स्वतःच्या ज्ञानातली किंवा अनुभवातली समर्पक उदाहरणं द्या. मुलं ती ओळ वाचतच नाहीत. लक्झेंबर्गनं २०२० साली देशभरातली सार्वजनिक वाहतूक मोफत केली, हे ठाऊक असेल तर जरूर लिहावं. ठाऊक नसेल तर फलटणच्या आईचं अर्धं तिकीट पुरतं. मात्र उदाहरण दिल्यावर एक वाक्य आणखी लागतं : यावरून काय दिसतं? भाडं कमी झालं की प्रवास वाढतो, म्हणजे भाडं हा अडसर होता, पण तो अडसर एकटा नव्हता. मुलं उदाहरण देऊन थांबतात. तिथे तुम्ही समोर बसून 'मग?' एवढंच विचारा. वाक्यावाक्याला 'का?', 'म्हणजे काय?', 'मग?' विचारत गेलात की दोन ओळींचा मुद्दा सहा ओळींचा होतो, आणि फुलवलेला मुद्दा म्हणतात तो हाच.

इथून खोट्या सर्वेक्षणाकडे येते. परीक्षक आकडा पडताळायला बसत नाहीत, हे खरं आहे. तरी हे बंद करा. एक तर '८० टक्के लोकांना वाटतं' लिहिलं की मुलाला आपण पुरावा दिला असं वाटतं आणि कारण द्यायचं राहून जातं. मुद्दा तिथेच खुंटतो. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जी मुलगी उद्या वॉर्डात रुग्णाच्या तापाचा आणि रक्तदाबाचा तक्ता भरणार आहे, तिला आकडा मनानं लिहायला आपण शिकवायचं का? एका बँडासाठी? मला ते सहन होत नाही, आणि तुम्हालाही होत नसावं. नाहीतर पत्रात त्याचा उल्लेख आला नसता. आकडा माहीत नसेल तर 'आमच्या स्टॉपवर', 'माझ्या वॉर्डात', 'आमच्या गावात' अशी सुरुवात करायला सांगा. ते खरं असतं, आणि खरं असल्यामुळे त्याला तपशील फुटतात.

आता इंग्रजीची बाजू. ती निम्मी आहे म्हटलं, म्हणजे सोडून द्यायची नाही. पण तीनशे शब्दांच्या यादीपेक्षा मराठीतून येणाऱ्या चार खोडी दुरुस्त करण्यात वेळ घालवा. आपण 'जरी' म्हटलं की पुढे 'तरी' येतोच, म्हणून मुलं 'ऑल्दो' लिहून पुढे 'बट' लिहितात. 'जे लोक बसनं जातात ते' या वळणावर बेतून 'पीपल हू ट्रॅव्हल बाय बस, दे' असा जास्तीचा 'दे' घुसतो. मराठीत 'द' नाही, त्यामुळे तो कुठे लागतो हे कानाला कळत नाही. त्याला वाचन आणि सराव हाच उपाय. आणि 'वॉन्ट', 'नो', 'बिलीव्ह' यांना उगाच 'आयएनजी' लावणं. या चुका फळ्यावर मराठी वाक्य वर आणि इंग्रजी खाली लिहून दाखवा. दोन भाषा शेजारी ठेवल्या की मुलांना एकदम दिसतं. दंड लावून ते कसं दिसणार? याच पुण्यात १८८८ साली आगरकरांनी 'सुधारक' काढला तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही विभाग होते, इंग्रजीची बाजू गोखले सांभाळत. वाद घालायला दोन्ही भाषा एका अंकात नांदत होत्या. तुमच्या पुढच्या खोलीत त्या का नांदू नयेत?

माझं म्हणणं असं की तासाची पहिली पंधरा मिनिटं मराठीची ठेवा. जोड्या करा, एकानं बाजू घ्यायची, दुसऱ्यानं खोडायची, मग उलट. बहुतेकांनी शाळेत वादविवाद स्पर्धा पाहिलेली असते, नियम समजावायला लागत नाहीत. पंधरा मिनिटं झाली की पूर्ण इंग्रजी. बोलायच्या परीक्षेसाठी इंग्रजीचा सराव हवाच, आणि त्याला यानं धक्का लागत नाही. परीक्षेत कच्चं टिपण तपासलं जात नाही, त्यामुळे तिथेही मुलीनं पहिली पाच-सहा मिनिटं मराठीत टिपण काढलं तर काही बिघडत नाही. टास्क टूला साधारण ४० मिनिटं आणि किमान २५० शब्द. पाच-सहा मिनिटं विचार, तीस लिहिणं, शेवटची चार फक्त 'द', 'एस' आणि काळ तपासायला. टास्क टूचं वजन टास्क वनच्या, म्हणजे आलेखाचं वर्णन करायच्या पहिल्या प्रश्नाच्या, दुप्पट आहे, म्हणून माझा कल ते आधी लिहिण्याकडे आहे. पण ज्याला आलेखानं हात मोकळा होतो, त्याला तसं करू द्या.

एक गोष्ट बहुतेक क्लासमध्ये राहून जाते. परीक्षेत आधी ऐकणं, मग तासभर वाचन आणि त्याला लागूनच लेखन येतं. मुलं निबंधाला हात घालतात तेव्हा डोकं शिणलेलं असतं, आणि शिणलेलं डोकं पाठ केलेलं तेवढंच बाहेर काढतं. तुमच्याकडे लेखनाचा सराव सकाळी ताज्या डोक्यानं होतो. महिन्यातून दोन रविवार अडीच-पावणेतीन तास सलग बसवा, मध्ये चहा नाही.

साचे एका दिवसात बंद करू नका. मुलांनी फी त्यासाठी भरली आहे आणि त्यांची भीती खरी आहे. ज्यांची तारीख तीन आठवड्यांवर आहे, त्यांना चार परिच्छेदांची चौकट राहू द्या. फक्त पहिल्या परिच्छेदातली पाठ वाक्यं काढून तिथे 'मला काय वाटतं' याचं एक साधं वाक्य घाला. तेवढा बदल तीन आठवड्यांत झेपतो. ज्यांना दोन-तीन महिने आहेत, त्यांच्या बॅचला नवी पद्धत पूर्ण वापरा. समोरचा क्लास पंधरा दिवसांत आठ बँडचं आश्वासन देत असेल तर त्याच्याशी आश्वासनांत स्पर्धा करू नका. डेमो लेक्चरला पालकांसमोर दोन निबंध ठेवा, साच्यातला एक आणि अनुभवातला एक, मुलाच्या नावाशिवाय, आणि कुठल्या मुलाला भेटावंसं वाटतं ते विचारा. काही विद्यार्थी तरीही जातील. बावीसचे अठरा झाले तर घरखर्चाला ते परवडेल का, हा हिशेब मात्र आधी मांडून ठेवा; तो माझ्यापेक्षा तुम्हाला चांगला कळतो.

एक सोय आणखी. एप्रिल-मेमध्ये वसंत व्याख्यानमालेला मुलांना घेऊन जा. १८७५ पासून पुण्यात चालत आलेली ही गोष्ट आहे. वक्त्याचा एक मुद्दा आणि त्यावरचा आपला एक आक्षेप, दोन वाक्यं इंग्रजीत, एवढंच लिहून आणायला सांगा.

त्या नर्स मुलीबद्दल. यूकेच्या नर्सिंग नोंदणीला लेखनात साडेसहा आणि बाकी तिन्हींत सात लागतात, म्हणजे ती अर्ध्या बँडावर अडकली आहे. दोन परीक्षांचे निकाल एकत्र धरण्याचे त्यांचे वेगळे नियम आहेत, ते तिनं नोंदणी परिषदेच्या संकेतस्थळावरून स्वतः वाचून घ्यावेत. संगणकावर परीक्षा दिली असेल तर ६० दिवसांच्या आत एकाच कौशल्याची फेरपरीक्षा देता येते. पण तो निकाल चालेल का, हे जिथे द्यायचा तिथे लेखी विचारूनच पैसे भरावेत. चौथ्यांदा बसायच्या आधी तिला दोन महिने मोकळे द्या. ती तीनदा नापास झाली, असं तिच्यासमोर कुणी म्हणू देऊ नका. या परीक्षेत नापास नसतं, आणि सहा बँडचं इंग्रजी तिनं स्वतः कमावलेलं आहे.

दंडाचा डबा उद्याच उचलून ठेवा. आणि त्या दोन मुलींना तोच बसचा विषय पुन्हा द्या, पण आधी एकेकीला समोर बसवून विचारा की ती कुठल्या स्टॉपवर उभी राहते. महिन्याभरानं ते निबंध मला पाठवा. या वेळी मी प्रत्येकीला वेगळं उत्तर लिहीन.